पेडल दाबल्यावर गाडी उशिरा उठते

मेलेल्या माणसाला घाई नसते, असं सावकाशरावांचं एकोणीस वर्षांच्या अनुभवानंतरचं मत होतं. घाई असते ती मागे उरलेल्यांना. कुणाला ऊन लागत असतं, कुणाची रजा अर्ध्याच दिवसाची असते, कुणी आपली गाडी भलत्याच दारात लावून आलेला असतो. या सगळ्या गडबडीत एकच माणूस काय तो निवांत असतो, आणि त्याला जपून नेणं हे आपलं काम, असं ते मानत.

ते नगरपालिकेच्या शववाहिकेचे ड्रायव्हर. सावकाशराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. वळण आलं, खड्डा आला की ते मान मागे वळवून "सावकाश हं," असं म्हणत. ज्याला म्हणत त्याला धक्का बसला काय आणि न बसला काय, सारखंच. पण सवय ती सवय. पुढे बसणाऱ्या नातेवाइकांनी ते ऐकलं आणि गावभर तेच नाव झालं.

गाडी सुटली हे आतल्या माणसाला कळता कामा नये, ही त्यांची स्वतःची परीक्षा. जुन्या गाडीपासूनच ते डॅशबोर्डवर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवत. थेंब सांडला तर त्या दिवशी घरी कुणाशी धड बोलत नसत. त्या गाडीत पाय आणि इंजिन यांच्यामध्ये एक तार होती. तार सैल पडली तर दहा नंबरचा पाना घ्यायचा, दोन आटे कसायचे, विषय संपला. इकडे अंगठा हलला की तिकडे इंजिनाला कळत असे.

मग नवी गाडी आली. पांढरीशुभ्र, दारं न वाजणारी. पण तिच्यात तारच नव्हती! पेडलच्या आत काहीतरी इलेक्ट्रॉनिक होतं. पाय पडला की ते कॉम्प्युटरला कळवणार, कॉम्प्युटर विचार करणार, आणि मग त्याची मर्जी झाली की इंजिन उठणार. पूर्वी पाय हुकूम करायचा, आता अर्ज करू लागला. पहिलं वर्ष अर्ज चटकन मंजूर होत होता. दुसऱ्या वर्षी मात्र पेडल दाबून एक श्वास थांबावं लागू लागलं, मग दोन, मग चार. तोवर क्लच धरून बसायचं, कारण इंजिन उठायच्या आत क्लच सोडला तर गाडी बंद पडते, आणि अशा प्रसंगी गाडी बंद पडणं बरं दिसत नाही.

आता कुणी म्हणेल, मग मेकॅनिकला सांगायचं. तिथेच तर घोडं पेंड खात होतं. नगरपालिकेच्या वर्कशॉपचा मेकॅनिक म्हणजे सावकाशरावांचा सख्खा थोरला भाऊ, आणि दोघं अकरा वर्षं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते.

कारण ऐकाल तर कपाळावर हात माराल. कारण होतं एक शिडी. घर एकच होतं. खाली सावकाशराव, त्यांची बायको आणि दोघा भावांना लहानाचं मोठं करणारी आत्या, वरच्या खोलीत थोरले, एकटे. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपाशी चढायला नऊ पायऱ्यांची लाकडी शिडी होती. एका सकाळी तिची सातवी पायरी मोडलेली दिसली. थोरले म्हणाले, तू मोडलीस. धाकटे म्हणाले, तूच. मोडल्याचं कुणालाच फार वाईट वाटलं नव्हतं, पण "कबूल कर" यावर दोघंही अडले. आत्याबाईंनी दोघांना लहानपणापासून एकच शिकवलं होतं, की चूक झाली तर चालेल, खोटं बोललेलं चालणार नाही. त्यामुळे समोरचा धडधडीत खोटं बोलतोय हे दोघांनाही सहन होईना. आठवडाभर वाद झाला आणि मग तोही थांबला. शिडी तशीच जिन्याखाली उभी राहिली, पुरावा म्हणून. गच्चीवर जायला दुसरी लोखंडी शिडी आली, पण जुनीला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

तेव्हापासून थोरल्यांचं ताट वर जाई आणि रिकामं खाली येई. निरोप बायकोमार्फत जात. "त्याला सांग, नळ नीट बंद करत जा." "त्यांना म्हणावं, नळाला वायसर लागतो." बिचारी दिवसातून वीस वेळा जिना चढे.

नोकरीत मात्र बायको मध्ये नव्हती. तिथे होतं जॉबकार्ड. ड्रायव्हरने वर तक्रार लिहायची, मेकॅनिकने खाली उत्तर. सावकाशरावांनी वळणदार अक्षरात लिहिलं, "पेडल दाबल्यावर गाडी उशिरा उठते."

खाली उत्तर आलं, "तपासले. उठते."

"उठते, पण उशिरा."

"उशीर म्हणजे किती?"

"चार श्वास."

"कुणाचे?"

हा प्रश्न शववाहिकेच्या कार्डावर लिहिलेला बघून सावकाशरावांचं पित्त खवळलं. त्यांनी "माझे" असं लिहून खाली दोनदा रेघ मारली. मग थोरल्यांनी खरोखरच तपासणीचं यंत्र लावलं असावं, कारण पुढच्या कार्डावर सविस्तर उत्तर होतं. "पेडलमध्ये दोन सेन्सर आहेत. दोघांचं म्हणणं एक आलं तरच कॉम्प्युटर विश्वास ठेवतो. सध्या दोघांचं आपसांत पटत नाही. म्हणून गाडी बिचकते. नवे पेडल मागवावे लागेल."

"चूक थोरल्या सेन्सरची असावी," सावकाशरावांनी लिहिलं.

"धाकटा सेन्सर पूर्वीपासून खोटं बोलतो," खाली उत्तर.

या सगळ्यावर साहेबांची सही होती. साहेब कार्ड वाचत नसत. बायकोने मात्र डब्याच्या पिशवीत राहिलेलं एक कार्ड वाचलं आणि म्हणाली, "अहो, यात आपल्या घराचं का लिहिलंय?"

नव्या पेडलची मागणी साहेबांच्या टेबलावर पडून राहिली, आणि मध्यंतरी ती हेडमास्तरांची भानगड झाली. गावातले जुने हेडमास्तर वारले. गाडी दारात लागली, सगळं झालं, मुलगा म्हणाला, "चला." सावकाशरावांनी पेडल दाबलं. गाडी ढिम्म. चार श्वास गेले, पाच गेले. दोनशे माणसं उभी. मग मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "सरांचं काहीतरी राहिलंय."

झालं! मुलाने गाडीच्या दारावर दोन्ही हात ठेवले आणि ओरडला, "बाबा, तुमचं झाड नाही तोडणार! गॅरेज नाही बांधणार!" त्याच क्षणी इंजिन उठलं आणि गाडी अलगद निघाली. पेल्यातला थेंबही हलला नाही. लोकांच्या अंगावर काटा आला. सावकाशराव सांगत होते, की अहो, सेन्सर आहे, दोन सेन्सर असतात. पण ऐकतंय कोण!

त्या दिवसापासून गावाला नादच लागला. गाडी थांबली की लोक कबुल्या देऊ लागले. एका आजोबांना नातवाने सांगितलं की तुमच्या कवळीचा मीच बोटीसारखा खेळ केला होता. एका टेलरच्या वेळी सहा गिऱ्हाईकं पुढे येऊन म्हणाली, "राहू द्या, कोट नको आता," आणि तरीही गाडी हलेना, तेव्हा सातवा म्हणाला, "हा माणूस आयुष्यात कधी दिलेल्या वेळेला निघाला होता का?" एका घरात तर जाऊबाईंनी एवढं काही कबूल केलं, की गाडी निघून गेली तरी भांडण रस्त्यावरच चालू राहिलं.

सावकाशरावांना हा सगळा वेडेपणा वाटे. पेला सांडत नाही ना, एवढंच ते बघत. पण एक दिवस पोस्टमनच्या बायकोने त्यांना घायाळ केलं. म्हातारी गाडीच्या मागच्या दाराला हात लावून, मनाशी काहीतरी जुळवून उभी होती. आता गाडी थांबणार, मग मी बोलणार. आणि नेमके त्या दिवशी दोन्ही सेन्सर एकमताचे निघाले. पाय लागताच गाडी सुटली. सावकाशरावांना आरशात म्हातारीचा हात तसाच हवेत राहिलेला दिसला. "चाळीस वर्षांत कधी वेळेवर घरी आला नाही," ती म्हणाली, "आणि जायची मात्र एवढी घाई?"

त्या दिवशी सावकाशराव जेवले नाहीत. त्यांना फार वाईट वाटलं. स्वतःचंच काहीतरी चुकल्यासारखं. गाडी तयार असो वा नसो, मनात चार मोजल्याशिवाय पेडलला पाय लावायचा नाही, असा त्यांनी नेम केला आणि तो कुणाला सांगितला नाही.

पण तोवर गावात थांबण्याची मोजदाद सुरू झाली होती. घड्याळं लावून लोक उभे राहत. अमक्यांकडे सात सेकंद थांबली, तमक्यांकडे नऊ. ज्याच्याकडे जास्त थांबे त्याच्या घरचे आठवडाभर मान वर करून फिरत. शेवटी नगरपालिकेत लेखी तक्रार आली, की आमच्या काकांसाठी गाडी फक्त चार सेकंद थांबली आणि समोरच्या घरातल्या काकांसाठी सात, आम्हीही कर भरतो.

साहेबांनी दोघा भावांना बोलावलं. दोघं टेबलाच्या दोन टोकांना उभे राहिले.

"साहेब, यांना सांगा, मी आठ महिने लिहितोय," सावकाशराव म्हणाले.

"साहेब, त्याला सांगा, मी पण आठ महिने पेडल मागतोय," थोरले म्हणाले.

"अरे, तुम्ही सरळ एकमेकांना का नाही सांगत?"

दोघंही खिडकीबाहेर बघू लागले. साहेबांनी टेबलावर हात आपटला. "हे बघा, शववाहिका सरकारी वाहन आहे. तिला कुणाबद्दल काही वाटता कामा नये! पेडल मागवतो. पुन्हा तक्रार आली तर एकाला पाण्याच्या टँकरवर घालीन आणि दुसऱ्याला पंक्चर काढायला बसवीन."

आठवड्याने नवं पेडल आलं. सोमवारी थोरल्यांनी ते बसवलं. कार्डावर लिहिलं, "नवे पेडल बसवले. दाबताच उठते."

सावकाशरावांनी फाटकापर्यंत एक चक्कर मारून पाहिली आणि खाली लिहिलं, "उठते." यावर पुढे लिहिण्यासारखं काहीच उरलं नाही. आठ महिने रोज एकमेकांना काही ना काही लिहीत होते, तेही संपलं, हे दोघांच्याही लक्षात आलं असावं. कारण कार्ड परत करताना सावकाशराव उगाच दारात रेंगाळले आणि थोरले उगाच तोच एक पाना पुसत बसले.

इकडे घरी आत्याबाईंनी अंथरूण धरलं होतं. त्या एकेकाला बोलवत. "बोल रे त्याच्याशी. माझ्या डोळ्यांदेखत बोला." धाकटे म्हणत, "त्याने आधी कबूल करावं." थोरले म्हणत, "शिडी कुणी मोडली ते त्याला विचार." शिडीचं नाव निघालं की आत्याबाई भिंतीकडे तोंड फिरवत. एवढ्या वर्षांनी तो विषय नको वाटणारच, असं दोघांना वाटे. बुधवारी त्यांनी सुनेला जवळ ओढून कानात काहीतरी सांगितलं. ती बाहेर आली ती तोंडावर हात दाबून, आणि नवऱ्याने विचारलं तर म्हणाली, "काही नाही. आधी माझी शपथ संपू दे."

शुक्रवारी सकाळी आत्याबाई गेल्या.

"आज दुसरा ड्रायव्हर देतो," साहेब फोनवर म्हणाले. सावकाशरावांनी ऐकलं नाही. "तो गचका देतो. आत्याला धक्का बसेल." त्यांनी शेजाऱ्याला गाडीची किल्ली घेऊन वर्कशॉपवर पाठवलं. थोरले सकाळीच तिकडे गेले होते, गाडी त्यांनीच आणली. तासभर उशिरा आणली, म्हणून धाकटे मनातल्या मनात चरफडलेही.

गल्ली माणसांनी भरली होती. थोरले ग्रीसच्या डागांच्या शर्टातच मागच्या दाराशी उभे होते. डॅशबोर्डवर पेला भरून ठेवला होता. शेजारी पुढे येऊन म्हणाला, "चला."

सावकाशरावांनी मनात चार मोजले. मग सवयीने आणखी चार मोजले, कारण आपल्याच आत्यासाठी आपण एवढं करायला काय हरकत आहे? मग पेडल दाबलं. गाडी ढिम्म. नवं पेडल, दाबताच उठते असं खुद्द त्यांनीच लिहून दिलेलं. त्यांनी पुन्हा दाबलं. गाडी हुं की चूं करेना.

मागून कुजबुज सुरू झाली. "राहिलंय काहीतरी." आणि मग, काय राहिलंय हे अख्ख्या गल्लीला अकरा वर्षं माहीत असल्यामुळे, सगळी गल्ली एकदा थोरल्यांकडे आणि एकदा धाकट्यांकडे बघू लागली.

थोरले चालत खिडकीपाशी आले. ओठ हलले, थांबले. अकरा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य बाहेर पडलं.

"क्लच सोडू नकोस, बंद पडेल."

"माहितीय मला," धाकटे म्हणाले. मग समोर काचेकडे बघत, "पेडल नवीन होतं ना?"

"जुनंच आहे. सकाळी परत बसवलं."

"का पण?"

"मला बोलायला वेळ लागतो," थोरले म्हणाले. "नवीन पेडलवर तू निघून गेला असतास."

इंजिन आता उठत होतं, तर सावकाशरावांनी पाय काढून घेतला आणि गाडी मोकळी करून हँडब्रेक ओढला.

"शिडी मी मोडली," थोरले मोठ्याने म्हणाले, मागच्या दाराकडे तोंड करून. "आत्या, ऐकलंस? मी मोडली."

"खोटं बोलू नकोस दादा. तिच्यासमोर तरी नको," धाकटे गाडीतून ओरडले. "मी मोडली."

"तू कशाला मोडशील? तू त्या दिवशी ड्यूटीवर होतास!"

"हे तुला माहीत होतं? मग अकरा वर्षं माझ्या नावाने का बोंबलत होतास?"

"ते जाऊ दे. मी मोडली म्हणतोय ना!"

"तू नाही, मी मोडली!"

ज्या तिडकीने अकरा वर्षांपूर्वी "तू, तू" झालं होतं, त्याच तिडकीने आता "मी, मी" सुरू झालं. साहेब मागच्या रांगेत उभे होते, त्यांनी डोळे मिटून घेतले. शेवटी सावकाशरावांची बायको गर्दीतून पुढे आली.

"बास करा दोघं! शिडी आत्याबाईंनी मोडली."

सगळी गल्ली आता तिच्याकडे बघू लागली.

"शेजाऱ्यांनी नवी पाण्याची टाकी बसवली होती ना तेव्हा," ती डोळे पुसत सांगू लागली. "आपल्यापेक्षा मोठी आहे म्हणून रोज ऐकवायचे. त्या पहाटे बघायला चढल्या. सातव्या पायरीवर पाय गेला, भिंतीच्या वर डोकं पोचायच्या आतच. कशाबशा उतरल्या. तुम्हाला जन्मभर खरं बोलायला शिकवलं, आता कुठल्या तोंडाने सांगू, म्हणाल्या. आज सांगते, उद्या सांगते करता करता तुमचं बोलणंच बंद झालं. मग तर धीरच होईना. घरातून बाहेर नेल्यावरच सांग, अशी शपथ घातली होती मला."

दोघं भाऊ एकमेकांकडे बघत राहिले. मग आधी थोरल्यांचे खांदे हलायला लागले, मग धाकट्यांचे. हसत होते की रडत होते ते लांबच्यांना कळलं नाही. जवळच्यांनाही नीट कळलं नाही. थोरले वळसा घालून आले आणि पुढच्या सीटवर भावाच्या शेजारी बसले.

सावकाशरावांनी गिअर टाकला, हँडब्रेक सोडला, पेडल दाबलं. गाडी ढिम्म.

"आता काय राहिलं?" थोरले वैतागले.

सावकाशरावांनी जरा विचार केला. मग मान मागे वळवली.

"आत्या," ते म्हणाले, "त्यांची टाकी आपल्यापेक्षा लहान आहे गं."

"हो," थोरल्यांनी लगेच साथ दिली, "बरीच लहान आहे."

इंजिन उठलं. गाडी अशी अलगद निघाली, की पेल्यातलं पाणी जागचं हललं नाही.

शेजारी खिडकीला लागूनच उभा होता. त्याची टाकी चांगली दुप्पट होती. तो काही बोलला नाही.